राणीचा प्रश्न आणि संपादकाची कात्री

लंडनच्या माइल एंड रोडवरून एक भाड्याची घोडागाडी खडखडत चालली आहे. आत सिरिल, अँथिया, रॉबर्ट आणि जेन ही चार भावंडं बसली आहेत आणि त्यांच्याबरोबर प्राचीन बॅबिलोनची राणी. जादूने ती विसाव्या शतकात आली आहे आणि मुलं तिला आपलं शहर दाखवताहेत. बकिंगहॅम राजवाडा पाहून तिला काहीच वाटलं नाही. पार्लमेंटची इमारतही तिच्या डोळ्यांत भरली नाही. टॉवर, थेम्स नदी आणि नदीतली जहाजं मात्र तिला फार आवडली. आता गाडी गरिबांच्या वस्तीतून जाते आहे. खिडकीतून बघत राणी म्हणते, तुमच्या गुलामांना तुम्ही किती वाईट ठेवता!

जेन सांगते, हे गुलाम नाहीत, कामकरी लोक आहेत. राणी म्हणते, काम करतात म्हणजेच गुलाम. गुलामाचा चेहरा मला ओळखता येत नाही की काय? यांचे मालक यांना नीट खायला-ल्यायला का देत नाहीत? मुलांकडे उत्तर नाही. असंच चाललं तर हे लोक एक दिवस बंड करतील, असं राणी बजावते. सिरिल तिची समजूत घालतो. बंडाची भीती नाही, कारण यांना मताचा अधिकार आहे. बाबांनीच तसं सांगितलंय. मत म्हणजे काय, राणी विचारते, एखादा ताईत? त्याचं हे लोक करतात काय? विशेष काही नाही, सिरिल म्हणतो. म्हणजे खेळणंच एक प्रकारचं, राणी म्हणते. आणि ती इच्छा करते, की या सगळ्या गुलामांच्या हातात आत्ताच्या आत्ता त्यांच्या आवडीचं पोटभर खाणंपिणं यावं. बघता बघता रस्ताभर माणसांच्या हातात अन्न दिसू लागतं.

१९०६ साली ‘द स्टोरी ऑफ द अॅम्युलेट’ या पुस्तकात हे छापून आलं. पुस्तक लहान मुलांचं, लेखिका ईडिथ नेस्बिट. तिला स्वतःला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येत नव्हतं; इंग्लंडमधल्या बायकांना तो हक्क मिळायला १९१८ साल उजाडावं लागलं, तोही सगळ्या बायकांना नाही. मतपेटी आणि भूक यांच्यातलं अंतर दहा-अकरा वर्षांच्या मुलाला कळेल अशा भाषेत यापेक्षा नेमकं कुणी मांडलेलं मी वाचलेलं नाही. बालवाङ्मयात राजकारण आणू नये असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे प्रकरण वाचायला सांगते.

पण याच प्रकरणात, काही पानं पुढे, असं काही आहे की ते मुलांना वाचून दाखवताना जीभ अडखळते. त्यावरच हा लेख आहे.

आधी नेस्बिटबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे एनिड ब्लायटन घराघरात पोचली तशी ही पोचली नाही. तिचा जन्म १८५८ चा, लंडनच्या केनिंग्टन भागातला. वडील शेतकी महाविद्यालय चालवायचे; ती चार वर्षांची होण्याआधीच ते गेले. थोरल्या बहिणीला क्षय, म्हणून आईने मुलांना घेऊन गावोगाव, देशोदेशी मुक्काम हलवले. १८८० मध्ये ह्यूबर्ट ब्लँडशी लग्न झालं तेव्हा ती सात महिन्यांची गरोदर होती. नवऱ्याचा धंदा बुडाला आणि घर बरंचसं तिच्या लेखणीवर चाललं. नवऱ्याला घरातच राहणाऱ्या मैत्रिणीपासून झालेली दोन मुलंही तिने आपली म्हणून वाढवली. जानेवारी १८८४ मध्ये लंडनमध्ये फेबियन सोसायटी ही समाजवादी संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत हे नवरा-बायको होते. एका मुलाचं नाव त्यांनी फेबियन ठेवलं. हा फेबियन पंधरा वर्षांचा असताना, १९०० मध्ये, घरीच झालेल्या घशाच्या शस्त्रक्रियेनंतर दगावला. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत तिने आपली उत्तम पुस्तकं लिहिली.

तिच्या आधीही इंग्रजीत मुलांसाठी अद्भुतकथा होत्या, पण त्यांतली जादू बहुधा परीलोकात घडायची किंवा उपदेशाचं ओझं घेऊन यायची. नेस्बिटने जादू मध्यमवर्गीय घराच्या परसात आणली, जिथे आईबाप पैशांच्या ओढीत आहेत, मोलकरीण वैतागलेली आहे आणि जेवणाची वेळ चुकली तर उपाशी राहावं लागतं. १९०२ च्या ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’मध्ये केंट परगण्यातल्या खडीच्या खाणीत मुलांना समिअॅड हा जादूचा प्राणी सापडतो. गोगलगाईसारखे लांब शिंगांवरचे डोळे, वटवाघळासारखे कान, कोळ्यासारखं गोल केसाळ अंग आणि माकडाचे हातपाय. तो रोज एक इच्छा पुरी करतो आणि सूर्य मावळला की ती विरते. मुलं सोनं मागतात. खाण सोन्याच्या जुन्या गिनींनी गच्च भरते, डोळे दिपतात. खिसे भरून पोरं शहरात जातात, तर बहुतेक दुकानदार ती नाणी घेईनात. घोडेविक्या त्यांच्याकडे एवढं सोनं बघून पोलीसच बोलावतो. खिशात सोनं आहे आणि पोटात कावळे ओरडताहेत. पैशाला किंमत येते ती तो कुणाच्या हातात आहे यावरून, हा अर्थशास्त्राचा धडा तिने एकाही बोजड वाक्याशिवाय दिला आहे.

पुढच्या लेखकांनी तिचं देणं मान्य केलं आहे. नार्नियाच्या गोष्टी लिहिणाऱ्या सी. एस. लुइसने लहानपणी वाचलेल्या तिच्या पुस्तकांबद्दल आत्मकथनात लिहिलं, आणि १९५५ च्या ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’मध्ये दुसऱ्या जगातली एक उर्मट राणी लंडनच्या रस्त्यावर धुमाकूळ घालते, तेव्हा बॅबिलोनची राणी आठवल्याशिवाय राहत नाही.

आता त्या प्रकरणाकडे परत जाऊ. राणी ब्रिटिश म्युझियममध्ये जाते, काचेच्या कपाटातले दागिने माझे आहेत म्हणते, आणि तिला बाहेर काढलं जातं. मग तिच्या इच्छेने बॅबिलोनच्या सगळ्या वस्तू आपोआप अंगणात येतात. (देशोदेशींच्या ठेव्यांवर बसलेल्या म्युझियमला १९०६ मध्ये मुलांच्या पुस्तकातून हा सवाल! आणि हे पुस्तक अर्पण केलंय त्याच म्युझियमच्या प्राचीन वस्तूंच्या विभागाचे प्रमुख वॉलिस बज यांना.) म्युझियममधून बाहेर पडणारा एक पत्रकार विचारतो, या बाई म्हणजे मिसेस बेझंट का? जेन बेधडक हो म्हणते. मराठी वाचकाला इथे आपलं माणूस भेटतं. अॅनी बेझंट १८८५ मध्ये फेबियन सोसायटीत आल्या होत्या, ब्लँड दांपत्याच्या त्या जुन्या सहकारी. १९१६ मध्ये टिळकांनी आणि बेझंटबाईंनी आपापल्या होमरूल लीग काढल्या, तेव्हा ज्यांचं नाव केसरीच्या वाचकांच्या तोंडी होतं त्या याच.

नंतर राणी लंडनच्या शेअर बाजारात पोचते. उंची कपड्यांतले दलाल तिच्याभोवती गोळा होतात. नेस्बिट त्यांना ज्यू नावं देते आणि त्यांच्या तोंडी वेडंवाकडं इंग्रजी घालते, त्या काळी इंग्रजी विनोदी मासिकांत ज्यूंच्या तोंडी घालत तसंच. राणीचे शिपाई येतात आणि कत्तल सुरू होते. मग कुणाच्या तरी इच्छेने ते सगळं स्वप्न ठरतं. याच प्रसंगात लेविनस्टाइन नावाचा म्हातारा आपल्या कारकुनाला म्हणतो, फार वाईट स्वप्न पडलं. बिशप्सगेटच्या रस्त्यावर सामान्य माणसांच्या हातात अन्न दिसलं, चांगलं अन्न!

गरिबाच्या हातातलं अन्न हे श्रीमंताचं दुःस्वप्न. ही कल्पना इतकी धारदार आहे की ती वाचकाच्या मनात कायमची बसावी. आणि नेमकी तीच तिने चेष्टेच्या ज्यू उच्चारात, ज्यू आडनावाच्या माणसाच्या तोंडी दिली आहे.

अशा पुस्तकांचं काय करायचं, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत पुन्हा तापला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये रोआल्ड डाल या बालकथालेखकाच्या पुस्तकांत पफिन प्रकाशनाने शेकडो ठिकाणी शब्द बदलल्याचं उघड झालं, मोठा गदारोळ झाला, आणि मूळ पाठही छापत राहू असं प्रकाशकाला जाहीर करावं लागलं. त्याआधी २०१० मध्ये ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’ची भाषा आधुनिक केली होती, वाचकांना ती पटली नाही आणि २०१६ मध्ये प्रकाशकाने माघार घेतली. डाल आणि ब्लायटन यांच्या पुस्तकांना निदान हक्कदार आहेत, त्यांना जाब तरी विचारता येतो. नेस्बिट १९२४ मध्ये गेली. तिच्या पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क कधीच संपला आहे. कुणीही छापावं, कुणीही कापावं, त्यावर तिचंच नाव घालावं. म्हणून तिच्या बाबतीत हा प्रश्न जास्त गंभीर आहे.

माझं मत स्पष्ट आहे. जुन्या बालवाङ्मयातला विखारी मजकूर गुपचूप काढून टाकणं चूक आहे. संक्षेप करायला माझी हरकत नाही, पण तो सांगून करावा. आणि पूर्ण पाठ नेहमी उपलब्ध असावा.

विरोधी बाजू मला तुच्छ वाटत नाही. उलट तिचा सर्वांत भक्कम मुद्दा मी आपल्याच मातीतून मांडते. कोकणात शेकडो वर्षं राहिलेले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू. अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात त्यांचे तेलाचे घाणे होते आणि ते शनिवारी बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर. ‘बायबल’मधल्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तनं केली. आज त्यांतले बहुतेक इस्राएलमध्ये आहेत, पण ठाण्या-मुंबईत काही घरं अजून आहेत, आणि तिकडे गेलेल्यांनीही ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. उद्या नेस्बिटचा मराठी अनुवाद निघाला आणि तो ठाण्यातल्या एखाद्या बेने इस्राएल घरातल्या मुलीच्या हातात पडला तर? राणीच्या सफरीत रंगून गेलेली ती मुलगी अचानक त्या पानावर येते आणि तिला कळतं, की या गोष्टीत हसायचं आहे ते आपल्यावर. तिला वाङ्मयाचा इतिहास सांगून काय उपयोग? ती दुखावणारच. जो संपादक तिच्यासाठी कात्री उचलतो, त्याचा हेतू चांगला आहे हे मी मान्य करते.

पण ही कात्री नेमकी चालवायची कुठे, हे एकदा बसून बघावं. पहिला उपाय सोपा दिसतो. नावं बदला, उच्चार सरळ करा. लेविनस्टाइनचा स्मिथ करा. असं केलं की आपल्यासमोर येते एक निष्कलंक समाजवादी लेखिका, जिचा राग फक्त पैशावर होता. ही लेखिका कधी अस्तित्वातच नव्हती. आणि अशी खोटी नेस्बिट वाचून मोठी होणारी मुलं असं धरून चालतील, की गरिबांची बाजू घेणारा माणूस कुणाचा द्वेष करूच शकत नाही. दुसरा उपाय शेअर बाजाराचा सगळा प्रसंग काढण्याचा. मग राणी माइल एंड रोडवर अन्न वाटते, म्युझियममध्ये गोंधळ घालते आणि परत जाते. गरिबांच्या पोटातली भूक आणि श्रीमंतांच्या तिजोरीतला पैसा यांना जोडणारा दुवाच तुटतो. म्हणजे लेखिकेचं पाप झाकताना तिचा युक्तिवादही गेला.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट पूर्ण पाठ वाचल्याशिवाय दिसूच शकत नाही. १९०६ मधल्या माइल एंड रोडवर कोण राहत होतं? व्हाइटचॅपल, स्टेपनी, माइल एंड हा पूर्व लंडनचा पट्टा तेव्हा रशिया आणि पोलंडमधून आलेल्या गरीब ज्यूंनी भरलेला होता. १८८१ नंतर झारच्या राज्यात ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि जीव वाचवून माणसं लंडनच्या गोदीवर उतरली. ती अंधाऱ्या खोल्यांत बसून तयार कपडे शिवायची, बूट शिवायची, दिवसाचे बारा-चौदा तास. १८८९ मध्ये या ज्यू शिंप्यांनी मोठा संप केला होता. आणि त्यांना रोखण्यासाठी केलेला परदेशी लोकांविरुद्धचा कायदा १९०५ मध्ये मंजूर होऊन जानेवारी १९०६ पासून अमलात आला होता, म्हणजे हे पुस्तक आलं त्याच वर्षी.

राणीला गाडीच्या खिडकीतून जे ओढलेले, उपाशी चेहरे दिसले, त्यांतले कितीतरी चेहरे ज्यूंचे होते. नेस्बिट त्यांना अन्न देते आणि त्यांचा ज्यूपणा पुसते. काही मैलांवरच्या शेअर बाजारात, जिथे बहुसंख्य दलाल ज्यू नव्हतेच, तिथे ती ज्यूपणा रंगवून दाखवते. म्हणजे शोषित ज्यू तिच्या डोळ्यांसमोर असूनही दिसला नाही, आणि शोषक म्हटल्यावर तिला आधी ज्यूच दिसला. अन्यायाबद्दलचा खरा, जळता राग असा सहजपणे एका जमातीवर घसरतो. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत युरोपात याच घसरणीतून काय घडलं ते आपण जाणतो. एकाच प्रकरणात, सात-आठ पानांच्या अंतरात ही घसरण डोळ्यांनी बघता येते. असं पान फाडून टाकण्याएवढं आपल्याकडे शहाणपण उतू चाललेलं नाही.

ती हाडाची ज्यूद्वेष्टी होती, असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी तिचं ‘द रेल्वे चिल्ड्रन’ पुस्तकरूपात आलं. त्यात मुलांचे वडील देशाची गुपितं विकल्याच्या खोट्या आरोपावरून तुरुंगात जातात, आणि शेवटी निर्दोष सुटतात. फ्रान्समधल्या कॅप्टन ड्रायफसला असंच खोट्या आरोपात अडकवलं होतं, तो ज्यू होता म्हणून. १९०६ च्या जुलैत तो पूर्ण निर्दोष ठरला. ही कथा वाचताना अनेक समीक्षकांना ड्रायफस आठवला आहे. शिवाय १८९९ च्या ‘द ट्रेझर सीकर्स’मध्ये रोझेनबाम नावाचा सावकार आहे. बास्टेबल भावंडं त्याला कुणी दानशूर गृहस्थ समजून पैसे मागायला जातात. तो खिशातून सोन्याचं एक पौंडाचं नाणं काढतो, त्याच्याकडे बघतो आणि परत आत ठेवतो. मग पंधरा शिलिंग देतो, उरलेल्या पाच शिलिंगांऐवजी अत्तराची बाटली देतो, वर साठ टक्के व्याज सांगतो. आणि नंतर मुलांच्या वडिलांना कर्ज फेडायला मुदतही वाढवून देतो. ठरीव चित्रच आहे हे. पण नाणं बाहेर काढून आत ठेवणाऱ्या त्या हातात तिला एक डळमळलेला माणूसही दिसला होता. सात वर्षांनी शेअर बाजारात तेवढंही दिसलं नाही. ‘ती तशी होती की नव्हती’ या प्रश्नाचं हो-नाहीत उत्तर देणाऱ्यांनी हे तीन प्रसंग शेजारी ठेवून वाचावेत.

आपण भारतीयही तिच्या पुस्तकांत आहोत. १९०४ च्या ‘द फिनिक्स अँड द कार्पेट’मध्ये मुलं जादूच्या गालिच्यावरून भारतात येतात आणि इथल्या राणीकडून आईच्या स्टॉलसाठी सुंदर सुंदर वस्तू घेऊन जातात. राणी कंटाळलेली आहे, तिच्याकडे ढीगभर ऐश्वर्य आहे आणि गोष्ट ऐकून ती सगळं देऊन टाकते. त्याच पुस्तकात एका बेटावरचे रानटी लोक इंग्रज स्वयंपाकिणीला आपली राणी करतात. यातलं काहीही मला गोड वाटत नाही. पण साम्राज्याच्या भरभराटीच्या दिवसांत लंडनमधल्या सज्जन, पुरोगामी, गरिबांसाठी जीव टाकणाऱ्या घरातसुद्धा भारत म्हणजे फुकट मिळणाऱ्या सुंदर वस्तूंचं कोठार होतं, हे माझ्या भाचीला कळायला हवं. ते तिला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या गालिच्यावरून जास्त चांगलं कळेल.

भाचीचा उल्लेख आला तर सांगते. ती दहा वर्षांची असताना मी तिला राणीचं हे प्रकरण मराठी करत करत वाचून दाखवलं होतं. मत म्हणजे खेळणं, यावर ती हसली नाही. तिने विचारलं, “मावशी, पण मग दुसऱ्या दिवशी त्यांना जेवण कुणी दिलं?” पुस्तकात याचं उत्तर नाही, आणि खरं सांगायचं तर नेस्बिटच्या सोसायटीकडेही तेव्हा नव्हतं. लेविनस्टाइन आला तेव्हा तिने लगेच विचारलं, “हा असा का बोलतो? मुद्दाम चिडवतात का त्याला?” मी हो म्हटलं आणि आम्ही बराच वेळ त्यावर बोललो. वर्गात एका मुलाच्या बोलण्याची नक्कल करतात, ते तिने त्यातूनच मला सांगितलं. मुलांना चिडवणं फार लवकर ओळखू येतं. ते त्यांच्या रोजच्या जगण्यातलं आहे. शेजारी कुणी मोठं माणूस बसलेलं असेल तर अशा पानाची मुलांना भीती वाटत नाही.

शेजारी कुणी नसेल तर काय, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी वयाचा विचार करावा. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी समिअॅडच्या गोष्टी निवडून, कापून, सोप्या करून द्यायला माझी ना नाही. मराठीत ही परंपरा जुनी आहे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत पोचवला तो अशाच मोकळ्या हाताने, आणि कुणाचीही फसवणूक न करता. वाचणाऱ्याला ठाऊक असायचं, की हे मूळ पुस्तक जसंच्या तसं नाही. रूपांतराला रूपांतर म्हटलं की त्यात खोटेपणा राहत नाही. डालचीच गोष्ट घ्या. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’मधल्या कारखान्यातले बुटके कामगार त्याने आधी आफ्रिकेतले पिग्मी म्हणून रंगवले होते. टीका झाल्यावर १९७३ च्या आवृत्तीत त्याने ते स्वतः बदलले. लेखकाने हयातीत आपलं लिखाण सुधारलं तर तो त्याच्या विचाराचा प्रवास झाला. मेलेल्या लेखकाच्या तोंडी शतकानंतर सभ्य वाक्यं घालायची आणि मुखपृष्ठावर त्याचंच नाव छापायचं, याला सुधारणा म्हणता येत नाही.

आणि कात्री एकदा चालू लागली की ती कुणाच्या हातात असेल, याचा विचार सफाईचे समर्थक पुरेसा करत नाहीत. १९०६ मध्ये कुणा शिष्ट संपादकाला या प्रकरणातलं काही खटकलं असतं तर ते काय असतं? लेविनस्टाइनचे उच्चार नक्कीच नाहीत. ते तेव्हा सगळ्यांना गमतीचे वाटत होते. खटकलं असतं ते कामगारांना गुलाम म्हणणं, मताला खेळणं म्हणणं आणि म्युझियममधल्या वस्तू परत मागणं. त्या काळच्या सभ्यतेच्या नावाखाली राणीचा प्रश्नच गेला असता. ज्याच्या हातात कात्री, त्याला जे खुपतं ते कापलं जातं. आज ती माझ्या मतांच्या माणसांकडे आहे म्हणून मी निश्चिंत होऊ का? आपल्याकडे अभ्यासक्रमातून काय गेलं, कुठल्या पुस्तकावर कुणाच्या भावना दुखावल्या म्हणून बंदीची मागणी झाली, ते आपण बघतोच आहोत. जो हक्क आज आपण चांगल्या कारणासाठी मागतो, तोच उद्या दुसरा कुणी वापरेल. त्याला अडवायला आपल्याकडे तत्त्व उरणार नाही.

आपल्या जुन्या मराठी बालसाहित्यालाही हेच लागू होतं. त्यात अमुक जातीचा म्हणजे भित्रा, तमुक समाजाचा म्हणजे कंजूष, व्याजखाऊ अशी ठरीव माणसं भरपूर आहेत. नव्या आवृत्त्यांत असे शब्द अधूनमधून शांतपणे नाहीसे होतात आणि ते बरंच झालं असं आपल्याला वाटतं. ज्या समाजांना त्या गोष्टींनी दुखावलं, त्यांच्या नातवंडांना मात्र नंतर सांगितलं जातं, की असं काही लिहिलंच गेलं नव्हतं. पुरावा मागितला तर हातात स्वच्छ आवृत्ती ठेवतात. दुखावलेल्याच्या बाजूने विचार केला तरी ही गुपचूप सफाई त्याच्या विरोधातच जाते.

त्या ठाण्यातल्या मुलीसाठी मी काय करीन, तेही सांगायला हवं. तिच्या हाती पूर्ण पुस्तक टिपणाशिवाय देणार नाही. बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या वाचकांसाठी पूर्ण अनुवाद असेल, तर त्या प्रकरणाच्या आधी दोन परिच्छेद असावेत. माइल एंड रोडवर तेव्हा खरे कोण राहत होते, शिंप्यांचा संप, १९०५ चा कायदा, आणि लेखिकेने हे सगळं जवळून बघूनही काय लिहिलं. शिव्याशाप नकोत, सारवासारवही नको. ते वाचून ती मुलगी त्या पानावर आली, तर हसण्याचा विषय ती नसेल, लेखिकेची चूक असेल. कोकणातल्या घाण्यावर तेल गाळणाऱ्या तिच्या पणजोबांची हकीकत त्या टिपणात आली तर फारच उत्तम. ज्यू म्हणजे सावकार, हे चित्र मराठी मुलांच्या डोक्यात बसण्याआधीच त्याला खरं उत्तर मिळेल. हे लिहायला जाणकार माणसं आपल्याकडे आहेत, बेने इस्राएल समाजातही आहेत. त्यांना विचारावं, त्यांच्याकडूनच लिहून घ्यावं आणि त्याचं मानधनही द्यावं.

लहानांसाठी संक्षिप्त आवृत्ती काढायची तर मुखपृष्ठावर लेखिकेच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत ‘संक्षिप्त’ असं छापावं. आतल्या पहिल्या पानावर, जिथे मुद्रक-प्रकाशकाचा मजकूर असतो तिथे, कुणी कापलं, कुठल्या प्रकरणांतून कापलं आणि कोणत्या वर्षी, हे दोन ओळींत द्यावं. आणि पूर्ण पुस्तक कुठे मिळेल तेही त्याच पानावर लिहावं.